‘धीर’ कोणं लिवला

हॉलच्या दाराशी लावलेला फलक वाचला अन् माह्या मस्तकात तिडीक गेली. ‘धीर’चे निर्माते, गोपाल वामनराव गावंडे, अमरावती. खाली गोपालभाऊचा फोटो, कोट घातलेला. हा कोट त्यानं कवा शिवला अन् फोटो कवा काढला, आमाले पत्ताच नाई.

"बाप्पा! निर्माते?" मी पियुषले म्हटलं. "हे काय नवीन काढलं?"

पियुष अन् मी एकाच ऑफिसात काम करतो. पोरगा वाईट नाई, पण दोन्ही डगरींवर हात ठेवून चालणारा. त्यानं फलक वाचला, मोबाईलमधे मान घातली अन् म्हणे, "आयोजकायनं छापलं असन वं. तू सक्काउन सक्काउन सुरू नोको होऊ."

मी तोंडाची फाटकी आहे, हे सगळ्यायले मालूम आहे. माही आई म्हणते, हिच्याशी भांडापेक्षा भिंतीशी भांडावं, भिंत कवातरी थकन. पण त्या दिवशी अकोल्यात मी लय वेळ तोंड दाबून बसली होती, हे पह्यलेच सांगून ठेवते.

आता आमचं काम कसं चालते ते सांगा लागन. अमरावतीले एका हार्डवेअरच्या दुकानावर, जिना चढून गेलं का, गोपालभाऊचं ऑफिस. आमी वेबसाइटी बनवतो, शाळेच्या, पतसंस्थेच्या, मंगल कार्यालयाच्या. लाइन गेली का सगळे कॉम्प्युटर बंद, फक्त गोपालभाऊच्या टेबलावरचा इन्व्हर्टरवर चालते. चांगलं नेटबी त्याच्याच टेबलाले. म्हून पह्यल्यापासून पद्धत अशी, का ज्यानं जे लिवलं ते त्यानं पेनड्राइव्हवर घ्यावं, गोपालभाऊच्या मशीनमधे टाकावं अन् तिथून नेटवर चढवावं. त्या मशीनवर खातं एकच, गोपालभाऊचं. अन् जगाची रीत अशी, का ज्याच्या खात्यावरून काम चढलं त्याचंच नाव त्या कामाले लागते, कायमचं. आमाले हे मालूम नव्हतं असं नाई. पण कोणालेच त्याचं काई वाटलं नाई. आमच्याकडे तीन भावांचा कापूस एकाच भावाच्या नावानं मार्केटले जाते, पावती एकाची फाटते, अन् जेवाले सगळे संगच बसतात. हे तसंच, असं मले वाटलं.

‘धीर’ मात्र माहा होता. पियुषनं त्याले रंगरूप देलं, गोपालभाऊनं नाव देलं, पण आतला सगळा जीव माहा. कोणत्याबी वेबसाइटले जोडाचा तो एक लहानसा प्रोग्राम आहे. आपुन फॉर्म भरून राहिलो अन् मधातच नेट गेलं, तं लिवलेलं पुसल्या जात नाई. ‘धीर’ ते धरून ठेवते अन् नेट आलं का आपसूक पाठवून देते. बस, एवढंच काम.

मले हे सुचलं त्याले कारण आहे. बारावीनंतर शिष्यवृत्तीचा फॉर्म भराले मी वलगावच्या सेंटरवर बसली होती. शेवटची तारीख. शेवटच्या पानावर नेट गेलं अन् सगळं पुसल्या गेलं. पुन्हा भरला, पुन्हा गेलं. मंग सेंटरवाल्यानं शटर ओढलं. शिष्यवृत्ती नाई म्हून कॉलेज नाई, अन् एक वर्ष माहं घरी बसून गेलं. माहे बाबा, धर्मपाल, कोणाले काई बोलले नाई. पण ते सालभर त्यायनं माह्या डोळ्याले डोळा देला नाई, जसं काई नेट त्यायनंच तोडलं होतं. त्या संतापातून निघाला ‘धीर’.

आमी तो फुकट अन् उघडा ठेवला. यालेच ओपन सोर्स म्हणतात. बांधावरच्या बोरीसारखं असते ते, ज्याले पाह्यजे त्यानं तोडावं. अन् लोकायनं तोडला ना! कुठकुठच्या देशातले लोक वापराले लागले. मंग अकोल्याच्या या मेळाव्याचं बोलावणं आलं. एका मोठ्या जागतिक प्रकल्पाची मंडळी येनार होती. त्यायले ‘धीर’ आपल्यात सामील करून घ्याचा होता, अन् ज्यानं तो लिवला त्यालेच वर्षभर पगारी मेंटेनर नेमाचं होतं. मेंटेनर म्हणजे त्या कामाचा धनी. त्यात काय घ्याचं, काय नाई घ्याचं, ते तो ठरवते.

गोपालभाऊनं आमाले एवढंच सांगतलं होतं, का टीमले बोलावलं. मेंटेनरचं मले मेळाव्याच्या वेबसाइटवर वाचून समजलं. मी नवा ड्रेस शिवला. निघताना बाबाले सांगून आली, "आज माइकवर माहं नाव घेतीन." बाबा हासले. किती दिवसायनं हासले, मले आठवतबी नाई.

गोपालभाऊ चहाच्या टेबलापाशी उभा होता. बाजूले त्याचे वडील, वामनराव काकाजी, पांढरंशुभ्र धोतर अन् डोक्यावर मोझरीच्या भजनमंडळाची भगवी टोपी. पोराचा सत्कार पाहाले मुद्दाम आले होते.

"चहा घेतला काय वं माय?" काकाजीनं विचारलं. हा माणूस माह्याशी कवाच वाकडं बोलला नाई.

"घेते काकाजी," म्हटलं, अन् गोपालभाऊले खांबाआड ओढलं.

"फलकावर काय लिवलं ते पाह्यलं?"

"हाव ना. त्यायनं खात्यावरचं नाव उचललं. मी काय करू?"

"सुधरवाले सांग."

"आता? भावना, लोक बसून राहिले हॉलमधे."

"मंग स्टेजवरून तूच सांग. भावनानं लिवलं, एवढंच म्हण. दुसरं मले काई नोको."

त्यानं खांबाआडून बापाकडे पाह्यलं. कपाळ घामानं डबडबलेलं. "सांगतो ना वं. तुले माह्यावर विश्वास नाई काय?"

विश्वास होता, तेच तं दुखनं आहे. मले कोणी दारात उभं करत नव्हतं तवा यानंच टेबल देलं होतं. बाबाच्या ऑपरेशनच्या वक्ती हाच माणूस दवाखान्याच्या बाकड्यावर बसून राह्यला होता, सख्ख्या भावासारखा. म्हून मी गपचूप आत जाऊन बसली. एका बाजूले पियुष, दुसऱ्या बाजूले काकाजी.

त्या मोठ्या प्रकल्पाकडून प्राजक्ता मॅडम आल्या होत्या, पुण्याच्या. त्यायनं गोपालभाऊले स्टेजवर बोलावलं. टाळ्या वाजल्या. गोपालभाऊ बोलाले लागला, अन् त्याची भाषाच बदलली. ऑफिसात "काहून बे" म्हणनारा माणूस तिथी "मला असं वाटतं" म्हणून राह्यला होता.

पडद्यावर ‘धीर’ आला. मी लिवलेल्या ओळी भिंतीएवढ्या मोठ्या दिसल्या. आता घेईन हा माहं नाव, आता घेईन. तो पाणी प्याले थांबला तवा वाटलं, आता. त्यानं माह्याकडे पाह्यलं तवा वाटलं, आता. त्यानं नजर काढून घेतली.

"ही कल्पना मला सुचली कशी, ते सांगतो," गोपालभाऊ म्हणाला. "बारावीनंतर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला मी वलगावच्या एका सेंटरवर बसलो होतो. शेवटची तारीख होती. शेवटच्या पानावर नेट गेलं."

माह्या कानशिलात कोणं मारल्यासारखं झालं. पियुषनं माहा हात घट्ट धरला.

"पुन्हा भरला, पुन्हा गेलं," गोपालभाऊ सांगत होता. "माझं एक वर्ष वाया गेलं, मित्रांनो."

मंग टाळ्या, लय टाळ्या. माह्या पुढची बाई डोळे पुसून राह्यली होती. अन् माह्या बाजूले काकाजी आपल्याशीच पुटपुटले, "यानं कवा भरला बाप्पा फारम?" थोडं थांबून म्हणाले, "असन. माह्या आता ध्यानात राह्यत नाई."

गावंडेच्या घरी शिष्यवृत्तीचा फॉर्म कशाले येते! विहीर आहे, संत्र्याचा बगीचा आहे, पोरगा डोनेशन देऊन शिकला. माहं काम त्यानं आपलं म्हटलं असतं तं एकवेळ मी गिळलं असतं. पण ते वर्ष माहं होतं. बाबाची खाली गेलेली मान माही होती. हे मीच त्याले जेवनाच्या सुट्टीत सांगतलं होतं, डब्यातली भाकर त्याले देता देता. त्यानं भाकरबी खाल्ली अन् तेबी खाल्लं!

"कोणाला प्रश्न विचारायचे आहेत?" प्राजक्ता मॅडमनं विचारलं.

मी हात वर केला. पियुष कानात म्हणे, "भावना, खाली घे हात. पाया पडतो. नौकरी जाईन आपली."

"जाऊ दे."

"काकाजी बसले ना वं बाजूले."

तेवढ्यात माइक माह्या हाती आला. मी उठली. शे-दोनशे माणसं मान वळवून माह्याकडे पाहून राह्यली होती. गोपालभाऊ स्टेजवर उभा, अन् त्याच्या तोंडावरचा रंग उडालेला. मले त्याची कीवबी आली, खोटं काहून बोलू.

"गोपालभाऊ," मी म्हटलं, "हे कोणं लिवलं?"

बस. तेवढंच. मले आरोप करा लागू नये, त्यानंच सांगावं, असं मले अजूनबी वाटत होतं.

त्यानं माह्याकडे पाह्यलं. मंग माह्या बाजूले, काकाजीकडे. काकाजी पुढे वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यावर, पोराचा शब्द न शब्द ऐकून राह्यले होते. गोपालभाऊनं माइक तोंडाशी नेला, खाली घेतला, पुन्हा नेला.

"मी," तो म्हणाला. "मीच लिहिलं. टीमची मदत झाली."

काकाजीनं टाळ्या वाजवल्या. मंग सगळ्यायनंच वाजवल्या. माह्या हातचा माइक कोणतरी घेऊन गेलं अन् मी खाली बसली. मदत! हा शब्द मले पायताणानं मारल्यासारखा लागला.

सत्कार झाला, शाल झाली, फोटो झाले. मी तडक बाहेर निघाली. मांगून गोपालभाऊ धावत आला, गळ्यात शाल तशीच.

"भावना, आइक. घरी गेल्यावर बोलू. पगार अर्धा तुले देतो. बाबा बसले होते ना वं समोर. माह्या जिंदगीत पह्यल्यांदा माह्यासाठी बसले होते. मी काय करू?"

"खरं बोलाचं होतं."

"तुले सोपं वाटते."

"मले?" मी एवढ्या जोरात बोलली का चहावाला वळून पाहाले लागला. "मले सोपं वाटते? माहं वर्ष सांगतलं तू तिथी! माह्या बापाची लाज सांगतली आपली म्हून, अन् टाळ्या घेतल्या! शरम नाई वाटली तुले?"

तो उभा राह्यला. डोळे भरले होते त्याचे. पण आत जाऊन खरं सांगतो, असं काई म्हणाला नाई. कोणं तरी हाक मारली, फोटो काढाचा होता, अन् तो गेला.

माहा आवाज आइकून प्राजक्ता मॅडम बाहेर आल्या. "तुम्ही तो प्रश्न का विचारला?" त्यायनं सरळ विचारलं. मी सगळं सांगतलं. त्यायनं तिथीच लॅपटॉप उघडून ‘धीर’चा पह्यल्यापासूनचा इतिहास काढला. वरपासून खालपर्यंत एकच नाव, गोपालभाऊचं.

"तुमच्याकडे काही आहे का? जुनी प्रत, काहीही?"

माह्याकडे काय असनार? पेनड्राइव्ह आमी कोरे करकरून पुन्हा वापरत होतो, अन् ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या प्रती कवाच्याच पुसल्या होत्या. तवा पियुष दाराशी आला. मी म्हटलं, "पियुष, तू तं पाह्यलं ना. मॅडमले सांग कोणं लिवलं."

पियुषनं ओठावरून जीभ फिरवली. "मले यात नोको पाडू वं," म्हणाला, अन् पानी प्याच्या निमित्तानं परत आत गेला.

मॅडमनं लॅपटॉप मिटला. मंग म्हणाल्या, "मला तुमचं खरं वाटतंय. पण माझ्या वाटण्यानं इतिहास बदलत नाही. आम्ही नोंदीवर चालतो. आज मेंटेनर गोपालच राहतील."

"मंग मी काय करू?"

"लायसन्स खुलं आहे. ‘धीर’ची प्रत तुमच्या खात्यावर घ्या आणि तिथून पुढे तुमच्या नावानं चालवा. लोक शेवटी जो सांभाळतो त्याच्याकडे येतात. वेळ लागेल, पण येतात." मंग त्या जरा अडखळल्या. "एक अट आहे फक्त. मूळ लेखकाच्या नावाची ओळ वर तशीच ठेवावी लागते. ती काढता येत नाही."

"मूळ लेखक म्हणजे गोपालभाऊ?"

"नोंदीप्रमाणे, हो."

"म्हणजे माहंच लेकरू घरी आनाचं, अन् त्याच्या नावाम्होरं बाप म्हून गोपालभाऊचं नाव लावाचं?"

मॅडमनं मान खाली घातली. "मला माफ करा," म्हणाल्या. बिचारीचा दोष नव्हता. पण मले कोणावर तरी ओरडाचं होतं अन् समोर कोणीच नव्हतं.

त्या आत गेल्यावर मी पायऱ्यावर बसली, निंबाच्या सावलीत. पिशवीतला माहा लॅपटॉप मांडीवर घेतला अन् मोबाईलचं नेट जोडलं. जिंदगीत पह्यल्यांदा स्वतःच्या नावाचं खातं उघडलं. एवढी सादी गोष्ट, दोन मिनिटाची. आजवर काहून नाई केली, याचा मले माहाच राग येत होता. ‘धीर’ची प्रत त्या खात्यावर घेतली अन् पह्यली फाईल उघडली. आतल्या टिपा आमी मराठीतच लिवल्या होत्या, अन् गोपालभाऊच्या मशीननं आपसूक टाकलेली वरची ओळबी मराठीतच होती. हक्क: गोपाल वामनराव गावंडे.

बोट पुसाच्या बटनावर गेलं. कोणबी पाहून नव्हतं राह्यलं. ती ओळ पुसाले कितीक वेळ लागते? पण पुसली तं उद्या तोच बोट दाखवन अन् जग म्हणन, पाहा, हिनं चोरलं. माह्याच कामाची मी चोर ठरीन. डोळ्यातून पानी आलं ते मी ओढणीनं पुसलं. बाबाचा फोन येऊन राह्यला होता. उचलाची हिंमत झाली नाई.

"एकटीच काहून बसली वं माय?"

वामनराव काकाजी होते. हाती पेढ्याचा पुडा. माह्याजोळ पायरीवर बसले, गुडघ्यावर हात टेकत टेकत.

"घे, तोंड गोड कर. माह्या पोराचं नाव झालं आज." पेढा त्यायनं माह्या हातावर ठेवला. मंग त्यायची नजर लॅपटॉपवर गेली. डोळे बारीक करून, बोट ओळीखाली धरून ते वाचाले लागले. "गो-पाल... वा-मन-राव..." थांबले. "आवो, हे माहं नाव होय ना?"

"हाव, काकाजी."

त्यायचा आवाज भरून आला. "तुह्याबी मशीनमंधी ठेवलं तू आमचं नाव. चांगली पोरगी हायेस वं."

"ठेवाच लागते, काकाजी. नियम आहे."

ते अजून पाहूनच राह्यले होते. बोट ओळीवरून खाली सरकलं, अजून खाली सरकलं. खाली नुसत्या माह्या ओळी होत्या, पानभर. मंग त्यायनं माह्या तोंडाकडे पाह्यलं. रडलेलं दिसलंच असन.

"अन् तुहं कुठी हाय वं?"

हॉलमधे एवढे शिकेलसवरेल लोक होते, एकानंबी हे विचारलं नव्हतं. काई नाई काकाजी, असंच, म्हणून टाळता आलं असतं. म्हाताऱ्याचा दिवस तसाच गोड राह्यला असता. हॉलच्या दारात गोपालभाऊ येऊन उभा राह्यला. आमाले दोघायले संग बसलेलं पाह्यलं अन् तिथल्या तिथीच थांबला. लांबूनच त्यानं मान हालवली, नोको, नोको म्हणून.

मी पेढा पुड्यात परत ठेवला अन् लॅपटॉप काकाजीकडे वळवला.

"बसा, काकाजी," मी म्हटलं. "सांगते."